बायबलमधली नाती मूळ शब्दांतून कशी वाचायची: हिब्रू-ग्रीक न येणाऱ्यांसाठी सुरुवात

हिब्रू येत नाही, ग्रीक येत नाही, पण बायबल वाचताना "इथे मुळात कुठला शब्द आहे" हे बघायची ओढ आहे, अशा सगळ्यांसाठी हे लिहितोय. विषय मुद्दाम एकच घेतलाय: नाती आणि आपलेपणा. कोण आपलं, कोण परकं, आणि परका माणूस आपला होतो तो नेमका कशाने. सगळेच शब्द एकदम धरायला गेलं की आठवड्याभरात वही बंद पडते, आणि नात्यांच्या बाबतीत मराठी माणसाकडे आधीच एवढं भांडवल असतं की सुरुवात इथूनच करणं सोपं जातं.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो म्हणजे पुढचं वाचताना लक्षात राहील. या दोन्ही भाषांत (जुना करार मुळात हिब्रूत, नवा करार ग्रीकमध्ये) आपलेपणा "प्रेम" या शब्दापाशी शोधायला गेलात तर थोडाच हाती लागतो, तो खरा सापडतो क्रियापदांपाशी: कोण कुणाला सोडून गेलं नाही, कुणी कुणाचा भार अंगावर घेतला, कुणी कुणाला घरात घेतलं.

पायरी १: साधनं जमवा

तीन गोष्टी लागतात आणि तिन्हींना मिळून फारसे पैसे पडत नाहीत. पहिली म्हणजे मराठी बायबल, तुम्हाला जी भाषा जवळची वाटते ती आवृत्ती, मोबाईलवर यूव्हर्जन अ‍ॅपमध्ये मराठी आवृत्त्या आहेत. दुसरी म्हणजे स्टेप बायबल ही साइट, केंब्रिजच्या टिंडेल हाऊसने काढलेली, लॉगिन वगैरे काही लागत नाही, शब्दावर क्लिक केलं की त्यामागचा हिब्रू किंवा ग्रीक शब्द, त्याचा अर्थ आणि तो आणखी कुठेकुठे आलाय ते दिसतं. ब्लू लेटर बायबल पण चालेल. तिसरी म्हणजे वही, आणि ती खरंच कागदाची घ्या, कारण स्क्रीनवर बघितलेला शब्द दुसऱ्या दिवशी आठवत नाही, हाताने लिहिलेला राहतो.

या साइट्सवर शब्दांना नंबर दिसतील. जेम्स स्ट्राँग नावाच्या अमेरिकन माणसाने १८९० साली बायबलची एक प्रचंड शब्दसूची छापली, त्यात हिब्रू शब्दांना १ ते ८६७४ आणि ग्रीक शब्दांना १ ते ५६२४ असे नंबर दिले, तेच आजही चालतात. हिब्रू नंबराच्या आधी 'एच', ग्रीकच्या आधी 'जी'. लिपी वाचता येत नसली तरी नंबर टाकून शब्द शोधता येतो, नवशिक्याला एवढं पुरेसं आहे.

एक अडचण येईल. हे नंबर मुख्यतः इंग्रजी भाषांतरांना जोडलेले असतात, त्यामुळे मराठी एका बाजूला आणि साइट दुसऱ्या बाजूला असं उघडूनच बसावं लागतं. आणि वचनांचे क्रमांक कधीकधी जुळत नाहीत, स्तोत्रसंहितेत तर हमखास, कारण हिब्रूत बऱ्याच स्तोत्रांच्या मथळ्यालाही क्रमांक असतो. एखाद्या आकड्याचा फरक दिसला तर घाबरू नका, मागचं-पुढचं वचन बघा.

हे काम मराठीला नवीन नाही हेही माहीत असू द्या. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून अख्खं बायबल मराठीत आणलं, तेही साध्या बायाबापड्यांना कळेल अशा मराठीत. १९२२ साली त्या गेल्या आणि १९२४ साली केडगावच्या मुक्ती मिशनमधून ते छापून आलं. संस्कृतात मुरलेल्या त्या बाईने सोपी मराठी निवडली, याचा मला फार आदर वाटतो.

पायरी २: रूथपासून सुरू करा

उत्पत्तीपासून नाही, रोमकरांसपासून तर अजिबात नाही. रूथचं पुस्तक घ्या, चार अध्याय, ८५ वचनं, अर्ध्या तासात वाचून होतं. ज्यू लोक शावुओतच्या सणाला हे पुस्तक वाचतात. पहिल्यांदा फक्त मराठीत वाचा, एका बैठकीत, साइट उघडू नका. दुष्काळात बेथलेहेमहून मवाबात गेलेली नामी, तिचा नवरा जातो, दोन्ही मुलगे जातात, मागे उरतात दोन मवाबी सुना. एक, अर्पा, माहेरी परत जाते, दुसरी, रूथ, सासूबरोबर निघते. बेथलेहेमला आल्यावर शेतात धान्य वेचणं, शेताचा मालक बवाज, खळ्यावरची रात्र, वेशीवरचा व्यवहार, आणि शेवटी बाळ.

आणि हे वाचताना अनुवाद २३:३ एकदा बघून ठेवा, तिथे मवाबी माणसाला परमेश्वराच्या मंडळीत दहाव्या पिढीपर्यंत प्रवेश नाही असं लिहिलंय. म्हणजे या गोष्टीतली सून नुसती बाहेरगावची नाही, ज्यांना दार बंद आहे त्यांच्यातली आहे. हे माहीत नसेल तर पुस्तक गोड वाटतं पण त्याची धार जाणवत नाही.

पायरी ३: कोण कुणाला काय हाक मारतं ते लिहून काढा

ही पायरी मला सगळ्यात आवडते आणि हिला हिब्रूचं एक अक्षर यावं लागत नाही. वहीत तीन रकाने पाडा: कोण बोलतंय, कुणाला किंवा कुणाबद्दल, काय म्हणून.

निवेदक तिला पुन्हा पुन्हा "मवाबी रूथ" म्हणतो (१:२२, २:२, २:२१). बवाजने विचारलं ही कुणाची, तर मुकादम नाव सुद्धा घेत नाही, मवाबाहून नामीबरोबर आलेली ती मवाबी पोरगी एवढंच सांगतो (२:६). पण नामी काय म्हणते? "माझ्या मुली", हिब्रूत 'बित्ती', दुसऱ्या अध्यायापासून पुन्हा पुन्हा (पहिल्यात दोघी सुनांना मिळून अनेकवचनात). आणि बवाज पहिल्याच भेटीत तोच शब्द वापरतो (२:८). गावाच्या तोंडी मवाबी आणि या दोघांच्या तोंडी मुलगी, एवढ्यावरून गोष्टीत कोण कुठे उभं आहे ते कळतं.

आता रूथ स्वतःला काय म्हणते ते बघा. २:१० ला ती म्हणते मी 'नोख्रिया', म्हणजे परकी, तुम्ही माझी दखल का घेतली. इथे हिब्रूत कानाला जाणवणारा खेळ आहे, "दखल घेणे, ओळखणे" आणि "परकी" हे दोन्ही शब्द न-क-र या सारख्याच अक्षरांचे, अगदी शेजारी शेजारी ठेवलेत. २:१३ ला ती स्वतःला 'शिफ्हा' म्हणते, म्हणजे अगदी खालच्या पायरीची दासी. ३:९ ला खळ्यावर 'आमा' म्हणते, तीही दासीच, पण बऱ्याच अभ्यासकांच्या मते ही जरा वरची, जिच्याशी मालक लग्न करू शकतो अशी. आणि ३:११ ला बवाज तिला 'एशेत हायिल' म्हणतो, नीतिसूत्रे ३१:१० मध्ये सद्गुणी स्त्रीसाठी जो शब्द आहे तोच. परकी, दासी, आणि तिथून थेट तो मान, हे सगळं दोन अध्यायांत.

पायरी ४: नात्यांची नावं मराठीशी ताडून बघा

इंग्रजी साधनं वापरताना इथे गोंधळ होतो, कारण इंग्रजीत एकाच शब्दात नणंद, जाऊ, वहिनी, मेव्हणी सगळ्या कोंबलेल्या असतात. रूथ १:१५ मध्ये नामी म्हणते तुझी 'यवामा' परत गेली. दोघी दोन सख्ख्या भावांच्या बायका, म्हणजे अर्पा ही रूथची जाऊ, मराठीत विषय संपला.

पण काही ठिकाणी हिब्रू आपल्यापेक्षा बारीक आहे. आपण सासरा म्हणतो तो नवऱ्याचा बाप की बायकोचा बाप हे शब्दावरून कळत नाही. हिब्रूत कळतं: नवऱ्याचा बाप 'हाम' (उत्पत्ती ३८:१३, तामारचा सासरा यहूदा) आणि बायकोचा बाप 'होतेन' (निर्गम ३:१, मोशेचा सासरा इथ्रो). उलट मामाला वेगळा शब्दच नाही. उत्पत्ती २९:१० उघडा, याकोब विहिरीपाशी राहेलला पाहतो, त्या एका वचनात "त्याच्या आईचा भाऊ लाबान" असं तीन वेळा आलंय. मराठीत मामा म्हटलं की मोकळं, पण मूळ वाचताना ते तीनदा "आईचा भाऊ" कानावर पडतं तेव्हा कळतं की घर सोडून पळालेला हा मुलगा आईच्या माणसांपर्यंत येऊन पोचलाय.

आणि 'आह', म्हणजे भाऊ, हा फार सैल शब्द आहे. लोट हा अब्रामचा पुतण्या, तरी उत्पत्ती १३:८ मध्ये अब्राम त्याला म्हणतो आपण भाऊ आहोत, भांडण नको. लाबान भाच्याला भाऊ म्हणतो (२९:१५). म्हणून "भाऊ" दिसला की सख्खा, चुलत, गोत्रातला, की देशबांधव, हे आजूबाजूच्या ओळींवरून ठरवायचं.

पायरी ५: एक क्रियापद धरा आणि त्याच्या मागे जा

आता साइट उघडा. रूथ १:१४ मध्ये अर्पा सासूचा मुका घेते आणि रूथ तिला बिलगून राहते. त्या "बिलगून"वर क्लिक करा, शब्द मिळेल 'दावक', एच १६९२. आता तो शब्द आणखी कुठे आलाय ती यादी काढा आणि निदान पाच-सहा वचनं उघडून वाचा, नुसती यादी बघून पुढे जाऊ नका. उत्पत्ती २:२४, पुरुष आईबापाला सोडून बायकोला जडून राहील, तिथे दावक. २ शमुवेल २३:१०, लढून लढून हात तलवारीला चिकटला, तिथे दावक. स्तोत्र १३७:६, जीभ टाळूला चिकटो, तिथेही दावक. म्हणजे सहजी सुटत नाही असं चिकटणं.

मग उत्पत्ती २:२४ मधला दुसरा शब्द बघा, "सोडणे", हिब्रूत 'आजव'. रूथ १:१६ मध्ये ती म्हणते तुम्हाला सोडून जा असा आग्रह करू नका, आजव. २:११ मध्ये बवाज म्हणतो तू आईबापाला सोडून आलीस, आजव. लग्नासाठी जी जोडी वापरली, सोडणे आणि जडून राहणे, तीच जोडी इथे एका सुनेने सासूसाठी केलेल्या गोष्टीला लावलीय! मला तरी असं वाटतं की लेखकाने हे जाणूनबुजून केलंय.

दुसरा शब्द 'हेसेद', एच २६१७. दया, कृपा, प्रेमदया, निष्ठा, प्रत्येक भाषांतरात वेगळं दिसेल. जुन्या करारात हा जवळजवळ २५० वेळा येतो, त्यातले साधारण निम्मे स्तोत्रांत, आणि स्तोत्र १३६ च्या २६ च्या २६ वचनांत. रूथमध्ये फक्त तीनदा: १:८, २:२०, ३:१०. तिन्ही ओळीने वाचा. पहिल्यांदा हेसेद कुणी केलं म्हणून सांगितलंय? मवाबी सुनांनी, मेलेल्यांशी आणि सासूशी. नामी उलट देवाकडे मागते की या पोरींनी माझ्याशी केलं तसं तूही त्यांच्याशी कर. हेसेद म्हणजे नुसतं मन द्रवणं नव्हे, जिथे हात झटकून निघून जाता आलं असतं तिथे उभं राहणं. दावीदाने हेच योनाथानच्या पांगळ्या मुलाशी केलं, मफीबोशेथशी (२ शमुवेल ९), आधीच्या राजाचा नातू, इतर राजांनी ज्याला मारून टाकला असता, तो रोज राजाच्या पंगतीला जेवतो.

तिसरा 'गोएल', क्रियापदाचा नंबर एच १३५०. नातलगाची विकली गेलेली जमीन सोडवणारा (लेवीय २५:२५), कर्जापायी गुलाम झालेल्या नातलगाला सोडवणारा (लेवीय २५:४७ पासून पुढे), आणि खून झाला तर सूड घेणाराही गोएलच (गणना ३५:१९). म्हणजे नातं हे पदरचे पैसे आणि कधी जिवाचा धोका घालून निभवायचं काम. रूथच्या चौथ्या अध्यायात बवाजपेक्षा जवळचा एक गोएल आहे, जमीन म्हटल्यावर तो हो म्हणतो, पण रूथही आली हे कळल्यावर माझ्या वतनाचं नुकसान होईल म्हणून मागे सरतो. त्याचं नाव काय? हिब्रूत त्याला 'पेलोनी आल्मोनी' म्हटलंय, म्हणजे अमका तमका. ज्या पुस्तकाच्या शेवटी दहा पिढ्यांची नावं ओळीने दिलीत, त्यात वतन जपणाऱ्या या माणसाचं नाव कुठेच नाही.

'कानाफ' (एच ३६७१) तुमचा तुम्ही करा: २:१२ आणि ३:९ शेजारी ठेवा. पहिल्यात देवाचे पंख, दुसऱ्यात बवाजच्या पांघरुणाचं टोक, आणि शब्द एकच. बवाजने जो आशीर्वाद तोंडाने दिला होता तो आता तूच पुरा कर, असं ती त्याला सांगतेय.

आणि एक शेवटचं. 'आहव', म्हणजे प्रेम करणे, हे क्रियापद या अख्ख्या पुस्तकात एकदाच येतं, ४:१५ मध्ये, शेजारणी नामीला सांगतात की तुझ्यावर प्रेम करणारी ही सून तुला सात मुलांहून जास्त आहे. नवरा-बायकोच्या प्रेमासाठी नाही, सुनेच्या सासूवरच्या प्रेमासाठी.

पायरी ६: दोन मोह टाळा

पहिला मोह फोड करण्याचा. शब्दाचे तुकडे पाडले की अर्थ सापडला असं वाटतं. आपल्या भाषेत करून बघा: भाऊबंदकी. भाऊ अधिक बंद, म्हणजे भावाभावांचं घट्ट बंधन? गावात ज्याने सातबाऱ्यावरून चाललेली भाऊबंदकी बघितलीय तो असं म्हणणार नाही. ग्रीकमध्ये 'आदेल्फोस' म्हणजे भाऊ, त्याची फोड एकाच उदरातला, आपल्या सहोदरसारखी. ठीक आहे, पण पौल मंडळीला आदेल्फोस म्हणतो तेव्हा प्रत्येक वेळी उदर डोक्यात ठेवून म्हणतो असं नाही.

दुसरा मोह म्हणजे डिक्शनरीतले सगळे अर्थ एकाच वचनात ओतणं. आपण "तो तुझा कोण लागतो" म्हणतो, ठेच लागली म्हणतो, भूक लागली म्हणतो, पण एका वाक्यात एकच अर्थ असतो. हिब्रू-ग्रीकलाही हाच नियम लावा. जेम्स बार या स्कॉटिश अभ्यासकाने १९६१ सालीच या दोन्ही सवयींवर कडक टीका केली होती, तरी व्हॉट्सअ‍ॅपवर असे अर्थ रोज फिरतात.

त्यातला सगळ्यात जास्त फिरणारा म्हणजे "आगापे म्हणजे देवाचं निःस्वार्थ प्रेम आणि फिलेओ म्हणजे मैत्रीचं". तपासायला सोपं आहे. 'आगापाओ' जी २५, 'फिलेओ' जी ५३६८. २ तीमथ्य ४:१० मध्ये पौलाचा साथीदार देमास याने या जगावर प्रेम केलं म्हणून सोडून गेला, तिथे आगापाओ. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात दावीदाचा मुलगा अम्नोन आपल्या सावत्र बहिणीवर, तामारवर, जे "प्रेम" करतो आणि मग तिच्यावर जबरदस्ती करतो (२ शमुवेल १३), तिथेही हाच शब्द. उलट पिता पुत्रावर प्रीती करतो हे योहान ३:३५ मध्ये आगापाओने आणि ५:२० मध्ये फिलेओने सांगितलंय. आगापे मोठं होतं ते १ करिंथ १३ सारख्या ठिकाणी, त्याच्याबद्दल जे लिहिलंय त्यामुळे, शब्दात आपोआप काही भरलेलं नसतं. 'अब्बा' म्हणजे बाळाचं "डॅडी" हेही तसंच, मोठे झालेले मुलगेही बापाला अब्बाच म्हणत.

पायरी ७: आता ग्रीकमध्ये उतरा

हिब्रूतून ग्रीककडे जायला एक तयार पूल आहे. उत्पत्ती २३:४ मध्ये सारा गेल्यावर तिला पुरायला जागा मागताना अब्राहाम हेथच्या लोकांना म्हणतो मी तुमच्यात 'गेर' आणि 'तोशाव' आहे, म्हणजे उपरा, बाहेरून येऊन राहिलेला. गेर (एच १६१६) हा फार महत्त्वाचा शब्द, लेवीय १९:३४ त्याच्यावर स्वतःसारखी प्रीती करायला सांगतं कारण तुम्हीही मिसर देशात गेर होता. जुन्या कराराच्या ग्रीक भाषांतरात अब्राहामच्या या जोडीला 'पारोइकोस' आणि 'पारेपिदेमोस' असे शब्द आले, आणि नेमकी हीच जोडी १ पेत्र २:११ मध्ये मंडळीतल्या लोकांसाठी वापरलीय.

आता इफिसकरांस २:१९ उघडा. तुम्ही आता 'क्सेनोस' (परके) नाही, 'पारोइकोस' (जी ३९४१) नाही, तर देवाच्या घरचे, 'ओइकेइओस' (जी ३६०९). शेवटच्या दोन्ही शब्दांत ओइकोस म्हणजे घर आहे. फोडीपासून सावध राहा म्हटलं खरं, पण इथे लेखकाने दोन्ही शब्द एकाच वाक्यात आणून ठेवलेत म्हणून ती जवळीक धरायला हरकत नाही: घराशेजारी राहणारा घरचा झाला.

'कोइनोनिया' (जी २८४२) याचं मराठीत सहभागिता असं जड भाषांतर होतं आणि मग ती प्रार्थनेनंतरच्या चहापुरती उरते. लूक ५:१० बघा, याकोब आणि योहान हे शिमोनाचे 'कोइनोनोस', म्हणजे मासेमारीच्या धंद्यातले भागीदार, होडी, जाळी, नफा-तोटा सगळ्यात. रोमकरांस १५:२६ मध्ये यरुशलेमच्या गरिबांसाठी गोळा केलेली वर्गणी म्हणजे कोइनोनिया.

'स्प्लांख्निझोमाइ' (जी ४६९७), उच्चाराला वेळ लागेल, पण अर्थ मराठी माणसाला समजवावा लागत नाही. मूळ शब्द आतड्यांचा. पोटात कालवलं, आतडं तुटलं, आपण रोज म्हणतो. शोमरोनी माणसाला रस्त्यात पडलेला जखमी दिसल्यावर (लूक १०:३३) आणि बापाला लांबून येणारा मुलगा दिसल्यावर (लूक १५:२०) हेच क्रियापद. आणि दोन्हीकडे पुढच्याच शब्दांत कृती आहे, एक जवळ जाऊन जखमा बांधतो, दुसरा धावत सुटतो.

पायरी ८: फिलेमोनवर हात बसवा

२५ वचनांचं पत्र. ओनेसिम नावाचा गुलाम, त्याचा मालक फिलेमोन, आणि तुरुंगातून लिहिणारा पौल. वरचे शब्द इथे एकत्र सापडतील: आतड्यांचा शब्द तीनदा (७, १२, २०), कोइनोनिया ६ मध्ये, कोइनोनोस १७ मध्ये, आणि १६ मध्ये गुलामापेक्षा अधिक, प्रिय आदेल्फोस. प्रत्येकावर क्लिक करा आणि आधी स्वतः वहीत लिहा की या वाक्यात तो शब्द काय काम करतोय, मग साइटवरचा अर्थ वाचा. १८ आणि १९ ला जास्त वेळ द्या, तिथे हिशेबाचे शब्द आहेत: त्याचं काही देणं असेल तर माझ्या खात्यावर मांड, मी पौल माझ्या हाताने लिहितोय, मी फेडीन. शेजारच्या पानावर रूथ ४ मधला गोएलचा व्यवहार उतरवून काढा आणि दोन्हीकडे कोण काय अंगावर घेतंय ते बघा.

हे जमलं की मग मोठ्या कामाला हात घाला, उत्पत्ती ३७ ते ५०, योसेफाची गोष्ट, आणि त्यात फक्त 'आह' या शब्दाच्या मागे जा, भावांनी विकण्यापासून ते ओळख पटण्यापर्यंत. महिनाभर सहज लागेल. ४३:३० ला थांबून 'रहमीम' हा शब्द तपासा, धाकट्या भावाला बघून योसेफाच्या पोटात कालवतं तिथे तो आहे, 'रेहेम' म्हणजे गर्भाशय याच मुळातला, आणि १ राजे ३:२६ मध्ये बाळ कापू नका म्हणणाऱ्या आईसाठीही अगदी तीच शब्दरचना आलीय.